शून्य पूर्णांक सहा

मरोळला, सहाव्या मजल्यावर
रात्री साडेदहाला माझी सकाळ होते.
तिकडे अमेरिकेत एका पक्षाला
अध्यक्षपदासाठी एकच माणूस हवाय
आणि इच्छुक आहेत चौदा.
त्यांच्याविषयी देशभरातले बाराशे सहा जण
फोनवर काय बोलले
ते माझ्यापुढे येतं, ओळीने, नावाशिवाय.
मी प्रत्येकाला एक आकडा लावते.

महागाई म्हणाला तर अकरा.
दवाखान्याचं बिल, बारा.
"त्याचं हसणं खरं वाटत नाही", एकवीस, स्वभाव.
शिवी दिली तरी एकवीसच,
फक्त कुणाला दिली ते बघायचं.
सत्त्याण्णव म्हणजे इतर.
अठ्ठ्याण्णव, सांगता येत नाही.
नव्व्याण्णवने फोन आपटला.

चौदांपैकी एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही.
तरी गेल्या आठवड्यात पाचवा दोन टक्क्यांनी घसरला
तेव्हा डबा तसाच राहिला.
निलोफर म्हणाली, तुझ्या मामाकडचा आहे का गं?
परेरा सर म्हणतात,
तीन टक्के इकडे, तीन टक्के तिकडे,
एवढ्यात कुणी पडत नाही, कुणी चढत नाही.
पण तिकडच्या बातम्यांत
तो पडलेलाच असतो.

काल ओळ आली, आठशे एकोणचाळीस.
बाई. वय एक्याऐंशी. गाव लहान, बर्फातलं.
पसंती, उमेदवार पाच.
कारण विचारलं तर जे बोलली
ते मुलाखत घेणाऱ्याने इमानाने सगळं टिपलेलं:
"आमच्याकडे मत हे ठरवायचे.
नोव्हेंबरात गेले.
हा टीव्हीवर बोलता बोलता चष्मा पुसतो ना,
अगदी ह्यांच्यासारखा, सदऱ्याच्या टोकाने.
हे लिहू नका हं."

लिहिलं होतं.

मी आकड्यांची पुस्तिका पुढून मागून चाळली.
चष्म्याला आकडा नाही.
परेरा सर खुर्चीतूनच म्हणाले,
सत्त्याण्णव टाक, चारला फाइल जायचीय.
शेवटच्या रकान्यात तिचं वजन होतं,
शून्य पूर्णांक सहा.
म्हाताऱ्या बायका फोन उचलतात, फार होतात,
म्हणून मोजताना प्रत्येकीला थोडं कापतात.
तिच्याच खाली एकोणीस वर्षांचा एक मुलगा,
"कुणीही चालेल" म्हणाला
आणि भरला तीन पूर्णांक चार.

सकाळी घरी आले, चुनाभट्टीला,
तर दारात पोतनीस, हातात पॅड.
इमारत पाडायचीय, बिल्डर तीन,
नुसता कल बघतोय म्हणाले, सही नको.
"वहिनी, तुमचं कुणाला?"
आई पदराला हात पुसत म्हणाली,
मला काय कळतंय त्यातलं.
पोतनिसांनी पेन टेकवलं
आणि माझ्या तोंडून गेलं, थांबा,
अठ्ठ्याण्णव नका टाकू.
ते बघत राहिले माझ्याकडे,
रात्रपाळीच्या पोरीकडे बघावं तसे.

आई जरा वेळ भिंतीकडे बघत होती.
मग म्हणाली, तिसऱ्याचा माणूस आला होता ना मापं घ्यायला,
त्याने चपला बाहेर काढल्या.
दुसऱ्याचा तसाच ओट्यापर्यंत आला.

पॅडवर कारणाला जागा नव्हती.
पोतनिसांनी तिसऱ्यापुढे फुली मारली.
अख्खी एक.
मला कुणी विचारलं नाही, घर आईच्या नावावर आहे.
तसं गेल्या मतदानाला तरी कुठे,
मी दुपारी पाचला उठले होते
कोरं बोट घेऊन.

पडदा ओढला. झोप येईना.
सत्त्याण्णव टाकलं की पुढे
एक चौकट उघडते, चाळीस अक्षरांची, टीप म्हणून.
ती कुणी वाचत नाही.
मी "चष्मा" एवढं लिहिलं होतं,
मग खोडलं.
लिहू नका हं, म्हणाली होती.